रेपो उतरला, हप्ता मात्र जागचा हलला नाही

२००८ च्या मध्यावर मी घरासाठी वीस वर्षांचे फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचे कर्ज घेतले. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे पैसे देते तो रेपो दर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ९ टक्के होता; तो तिने एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आणला. रेपो सव्वाचार टक्के खाली आला, पण माझ्या कर्जाचा दर जेमतेम पाऊण टक्का उतरला. शाखेत विचारले तर "साहेब, तुमचे कर्ज पीएलआरशी जोडलेले आहे" एवढेच उत्तर मिळाले; पीएलआर म्हणजे बँक स्वतःच ठरवते तो मूळ कर्जदर. त्याच टेबलामागच्या फलकावर नव्या ग्राहकांसाठी माझ्यापेक्षा बराच कमी दर झळकत होता. पतधोरण आणि माझा हप्ता यांच्यामध्ये नेमके काय अडकले आहे, हा प्रश्न मला तेव्हापासून छळू लागला.

१९९१ पूर्वी हा प्रश्न पडलाच नसता, कारण कोणाला किती दराने कर्ज द्यायचे आणि ठेवीवर किती व्याज द्यायचे हे रिझर्व्ह बँकच ठरवून देत असे. वैधानिक रोखता प्रमाण ३८.५ टक्के आणि रोख राखीव प्रमाण १५ टक्के असल्याने शंभर रुपयांच्या ठेवीतले निम्म्याहून अधिक पैसे सरकारी रोख्यांत आणि रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत जात. शिवाय केंद्र सरकार तदर्थ ट्रेझरी बिले काढून अवघ्या ४.६ टक्क्यांनी रिझर्व्ह बँकेकडून हवी तेवढी उचल घेई आणि तेवढा नवा पैसा बाजारात येई. पतधोरण म्हणजे प्रत्यक्षात सरकारच्या तुटीची सोय लावणे होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. बँकिंग सुधारणांसाठी नेमलेल्या नरसिंहम समितीच्या अहवालानंतर ही बंधने सैल होत गेली. ऑक्टोबर १९९४ मध्ये दोन लाखांवरील कर्जांचे दर मोकळे झाले, तर १९९७ मध्ये तदर्थ बिले बंद झाली. माझ्या मते या सगळ्यांत ही शेवटची सुधारणा सर्वांत मोठी होती, कारण स्वतःचे धोरण आखायला रिझर्व्ह बँकेला खरी मोकळीक तिच्यामुळेच मिळाली.

दर मोकळे झाल्यावर हुकूम संपले आणि इशारे सुरू झाले. बँकांनी एका रात्रीपुरत्या घेतलेल्या पैशाचा दर रिझर्व्ह बँक ठरवणार आणि त्यावरून बँका आपापले दर ठरवणार, अशी ही रचना आहे. परंतु बँकेचा बहुतेक पैसा रेपोतून येत नाही. तो ठेवीदारांकडून येतो, आणि आधी घेतलेल्या मुदत ठेवींवर कबूल केलेले व्याज मुदत संपेपर्यंत द्यावेच लागते. त्यातच पोस्टातल्या अल्पबचतीचे दर सरकार ठरवते, त्यामुळे ठेवीचा दर फार उतरवला तर माझ्या वडिलांसारखे लोक पैसे उचलून पोस्टात नेतील, ही धास्ती बँकांना असतेच. ही अडचण खरी आहे. पण नव्या ग्राहकाला स्वस्त आणि जुन्याला महाग, हे या अडचणीने समजावता येत नाही. जुना ग्राहक सहसा दुसरीकडे जात नाही, हे बँकेला पक्के ठाऊक असते.

म्हणूनच २०१० मध्ये बेस रेट, म्हणजे ज्याखाली कर्ज देता येत नाही असा किमान दर आला, २०१६ मध्ये बँकेला नवा पैसा किती व्याजाने मिळतो त्यावर बेतलेला एमसीएलआर आला आणि त्यानेही भागेना तेव्हा ऑक्टोबर २०१९ पासून नवी फ्लोटिंग गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडण्याची सक्ती झाली. म्हणजे नियंत्रणमुक्तीनंतर पंचवीस वर्षांनी इशारा पोहोचावा म्हणून पुन्हा नियमच करावा लागला.

मीही शुल्क भरून कर्ज रेपोशी जोडून घेतले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा माझा दरही अडीच टक्क्यांनी चढला. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवल्याचे पत्र पाठवले. वडिलांच्या बचत खात्याचे दर तर ऑक्टोबर २०११ पासूनच मोकळे आहेत. त्या दहा महिन्यांत त्यांच्या पासबुकातला दर होता तिथेच राहिला.