जुन्या घरातला शिशाचा रंग काढताना

अमेरिकेत १९७८ साली घरगुती रंगात शिसं वापरण्यावर बंदी आली. त्याआधीच्या घराच्या दुरुस्तीला मराठी मंडळाचा किंवा सेवाभावी संस्थेचा गट निघाला, की पहिला प्रश्न असतो परवान्याचा. पर्यावरण खात्याचा, म्हणजे ईपीएचा, २०१० पासूनचा नियम मोबदला घेऊन काम करणाऱ्यांसाठी आहे. निव्वळ विनामोबदला काम करणाऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. पण गटात संस्थेचा पगारी माणूस असेल किंवा संस्थेला त्या कामाचे पैसे मिळत असतील, तर चित्र बदलतं. घराला एचयूडी या गृहनिर्माण खात्याचा पैसा लागला असेल, तर त्यांचे वेगळे आणि जास्त कडक नियम बघावे लागतात. हे काम हाती घेण्याआधीच लेखी विचारून घ्यावं.

परवाना लागो न लागो, शिशाची विषारी धूळ तीच असते.

ईपीएच्या नियमात खोलीमागे ६ चौरस फूट आणि बाहेर २० चौरस फूट ही किरकोळ कामाची मर्यादा आहे, म्हणजे तेवढ्या कामाला नियमातून सवलत असते; एचयूडीकडे आत ती फक्त २. खिडकी बदलायची असेल तर ईपीएची सवलत मिळतच नाही, आणि ते योग्यच आहे. पल्ला वरखाली सरकताना रंग घासून भुकटी होतो आणि खालच्या खाचेत साचतो.

शिसं लागलं की रंग बदलणारा तपासणीचा बोळा वापरणार असाल, तर धारदार पात्याने तिरकी खाच पाडून लाकडापर्यंतचे सगळे थर उघडे करा. वरवर घासलात तर फक्त नवा रंग तपासला जातो आणि खाली शिसं असूनही निकाल निर्दोष येतो. शंका असेल तर शिसं आहे असं धरूनच चाला.

सामान बाहेर काढा, जे निघत नाही ते झाका. जमिनीवर जाड प्लास्टिक, कामाच्या जागेपासून किमान ६ फूट. बाहेर १० फूट. हीटर आणि एसीच्या जाळ्या बंद करून टेप लावा. पाण्याचा फवारा मारून ओल्यावरच खरवडा, मात्र प्लगपाशी पाणी नको. आगीची ज्योत आणि ११०० फॅरनहाइटच्या वर जाणारी हीट गन वर्ज्य, कारण त्या उष्णतेला शिशाची वाफ होते. सँडर, म्हणजे घासायचं यंत्र, वापरायचाच तर हेपा व्हॅक्युम (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीचा) जोडलेला. साध्या घरगुती व्हॅक्युममधून बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत येते. मास्क पी१०० दर्जाचा, म्हणजे बारीक धूळ गाळणारा; दाढी असेल तर तो चेहऱ्याला नीट बसत नाही.

खरं काम शेवटच्या तासाचं आहे, आणि नेमका तेव्हाच गट दमलेला असतो. प्लास्टिकवर फवारा मारा, मळकी बाजू आत ठेवून घडी घाला, टेप लावून पिशवीत भरा. मग भिंती वरून खाली हेपाने, नंतर ओल्या फडक्याने, जमीन शेवटी. स्वच्छ पाण्याची बादली वेगळी ठेवा, नाहीतर तोच लगदा सगळीकडे फासला जातो. पडताळणीसाठी प्रत्येक खिडकीच्या कट्ट्याला नवं ओलं फडकं, जमिनीला ४० चौरस फुटांमागे एक. ते ईपीएच्या तपासणी-कार्डापेक्षा काळं निघालं, तर तो भाग पुन्हा साफ करा.

सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाई तोवर त्या खोलीत येता कामा नये. कामाचे कपडे तिथेच बदला, घरच्या धुण्यात मिसळू नका.