सातबाऱ्याच्या मागचा कागद आणि काळ्या मातीच्या खालचा मुरूम

लातूर शहराच्या कडेला घरासाठी जागा शोधण्यात आमचे दीड वर्ष गेले. त्यात सर्वांत आधी पसंत पडलेला प्लॉट आम्ही सोडून दिला. रस्त्याला लागून असलेला, पूर्वाभिमुख, दीड गुंठ्याचा, म्हणजे सुमारे 1633 चौरस फुटांचा तो तुकडा आजूबाजूच्या दरापेक्षा बराच स्वस्त होता आणि ‘शंभराच्या बाँडवर लिहून घ्या, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नाव लागले की झाले’ असे मध्यस्थ वारंवार सांगत होता. नमुना आठ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे. तिच्यावर नाव लागल्याने जमीन आपली होत नाही, हे मला तोवर नीट ठाऊक नव्हते.

वकीलसाहेबांनी चालू सातबारा वाचून बाजूला ठेवला आणि 1954-55 चे खासरा पत्रक मागवले. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत असल्यामुळे येथील अनेक जमिनींच्या मुळाशी मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेली), खिदमतमाश (सेवेसाठी दिलेली) अशी इनामे आहेत, आणि आजच्या सातबाऱ्यावर ज्याचा मागमूस नसतो ते या जुन्या पत्रकात स्पष्ट लिहिलेले सापडते. आमच्या गटापुढे ‘खिदमतमाश’ असा शेरा होता. म्हणजे ती जमीन धार्मिक स्थळाच्या सेवेसाठी दिलेली होती आणि ती विकण्याचा अधिकार विकणाऱ्याकडे नव्हताच. स्वस्ताईचे कारण तेथे उलगडले.

पुढचा प्लॉट पाहताना अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन, सर्व फेरफार आणि तीस वर्षांचा नोंदणी शोध ही कागदपत्रे आधी मिळवली. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे शासनाने अटींवर दिलेली जमीन, असा शेरा असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नये. शेतातून काढलेल्या एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांना आमच्या व्यवहाराच्या वेळी 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येत होता, म्हणून तेथे तोंडी आश्वासनावर विसंबू नये. विसार देण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी; आमच्या प्लॉटचा उत्तरेकडचा दगड त्यामुळे चार फूट आत सरकला.

कागद जुळले तरी माती उरते. मे महिन्यात त्या जागेवरच्या भेगांत विळ्याची मूठ सहज जात होती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरच टेकलेला पाया भिंतीसकट हलवते. जेसीबीने खड्डा घेतला तेव्हा साडेसहा फुटांवर मुरूम लागला. तेवढ्या खोलीपर्यंत पाया नेण्याचा खर्च आम्ही जागेच्या किमतीतच धरला आणि त्या आधारावर भाव पाडून मागितला. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींखाली माणसे गेली, हे या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. म्हणून अभियंत्याकडून भूकंपरोधक आराखडा करून घ्यायचाच, यावर घरात चर्चाही करावी लागली नाही.

पाण्याविषयी विकणाऱ्याला विचारण्यात अर्थ नाही. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या गावात प्रत्येक विकणाऱ्याच्या बोअरला बारमाही पाणी असते! शेजारच्या काकूंनी मात्र सरळ सांगितले, “मार्चपर्यंत बोअर चालतं बघा, पुढं टँकरच.” अभियंत्याने आराखड्यात पाच हजार लिटरचा हौद दाखवला होता, आम्ही तो पंधरा हजारांचा करून घेतला.