तुम्ही विचारलंत म्हणून: ईसीजीखालची शिडी

ईसीजीवर (हृदयाच्या विद्युत आलेखावर) लाटा दिसत असताना खाली पुन्हा शिडी (संदेशाची वाट दाखवणारी कप्प्यांची आकृती) काढून तिरक्या रेषा कशाला, असं नेहमी विचारलं जातं. कारण अलिंदाकडून (हृदयाच्या वरच्या कप्प्याकडून) निलयाकडे (खालच्या कप्प्याकडे) जाणारा विद्युत संदेश एव्ही नोडमधून (दोघांमधल्या पेशींच्या गाठीतून) जात असतो, तेव्हा ईसीजीवर लाटच उमटत नाही. ती न दिसणारी वाट शिडीत मांडता येते.

शिडी ईसीजी सर्रास वापरात येण्याआधीची आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ एंगेलमान बेडकाच्या हृदयावरचे प्रयोग अशा आकृत्यांनी समजावत. डच वैद्य वेंकेबाख यांनी १८९९ साली तीच रीत वापरून मनगटाच्या नाडीच्या आलेखावरून माणसाच्या हृदयातला अडथळा उलगडला. एव्ही नोड जपानी संशोधक तावारांनी दाखवला १९०६ साली! नोड सापडण्याआधी त्याचं वागणं कागदावर आलं होतं, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. पुढे ब्रिटिश हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी शिडी ईसीजीखाली रूढ केली.

शिडीचे कप्पे तीन: वर अलिंद, मध्ये नोड, खाली निलय. पी लाट (अलिंदाची) जिथे सुरू होते तिथून वरच्या कप्प्यात उभी रेघ, क्यूआरएसच्या (निलयाच्या लाटेच्या) सुरुवातीपासून खालच्या कप्प्यात. मधला कप्पा सगळ्यात शेवटी भरायचा, कारण तो निव्वळ अनुमान आहे. रेष जितकी तिरकी, तितका संदेश रेंगाळला. अडला तर रेषेच्या टोकाला छोटी आडवी रेघ.

समजा, पी लाटा दर ०.८० सेकंदाला येतात आणि पीआर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ) ०.१८, ०.२८, ०.३३ असा वाढतो. चौथी पी अडते, पाचवीचा पीआर पुन्हा ०.१८. पीआर वाढतोय, तरी ठोक्यांमधलं अंतर ०.९० वरून ०.८५ वर येतं, कारण वाढ आधी ०.१० होती, मग ०.०५. अडलेल्या ठोक्याचा खंड १.४५ सेकंद, म्हणजे दोन पी-अंतरांहून कमी. हे नुसतं वाचून पटत नाही, काढलं की लगेच दिसतं.

चुका बहुतेक मोजण्यात होतात. क्यूआरएसच्या सुरुवातीऐवजी टोकावरून रेघ ओढली की रेषांचा उतार बिघडतो. टी लाटेत (क्यूआरएसनंतरच्या लाटेत) लपलेली पी सुटली, तर दोनास एक अडथळा (दर दोनांतली एक पी अडणं) साधी मंद लय वाटतो. म्हणून दोन पींच्या बरोबर मध्यावर टी लाटेचा आकार बदललाय का, ते आधी बघावं.

सगळ्यात अवघड रेष निलयातून आलेल्या अवेळी ठोक्याची. ती खालून वर चढते आणि नोडमध्ये अर्ध्यावर विझते. ईसीजीवर तिचा थेट माग नसतो. पुढच्या ठोक्याचा पीआर लांबलेला दिसतो, तेवढ्यावरून ती काढायची.