फेनवेला यँकीज–रेड सॉक्स बघायला जाताय? आधी खांब बघा

बॉस्टनला फेनवे पार्क स्टेडियममधे न्यूयॉर्क यँकीज विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स ही बेसबॉलची मॅच बघून आलो, कान अजून भणभणतायत, पण जे आम्हाला आधी कोणीच सांगितलं नाही ते लगेच लिहून टाकतो.

तिकीट एका रिसेल साइटवरून घेतलेलं. थर्ड बेसच्या (मैदानाच्या डाव्या) बाजूचं ग्रँडस्टँड, म्हणजे मागच्या, छताखालच्या सीट, साइटवरच्या फोटोत मैदान एकदम मोकळं. जाऊन बसलो तर बरोब्बर समोर छताला आधार दिलेला लोखंडी खांब! पिचर (बॉल टाकणारा) दिसायचा, तो हात मागे न्यायचा, बॉल सुटायचा आणि खांबामागे गायब, मग एकदम कॅचरच्या ग्लव्हचा फट्ट आवाज. बॅटर बघायचा तर शेजारच्याच्या अंगावर रेलायचं, असं नऊच्या नऊ इनिंग. तिकिटावर, साइटवर, कुठेही लिहिलेलं नाही की मधे खांब येतो. तक्रार केली तर उत्तर आलं, विक्री फायनल, पैसे परत नाहीत. ही सरळसरळ फसवणूक आहे.

तर नीट वाचा. हे स्टेडियम 1912 चं आहे, खांब जुन्या बांधणीतलेच, ते काही हलणार नाहीत. फील्ड बॉक्स आणि लोज बॉक्स या मैदानाजवळच्या सीट खांबांच्या पुढे आहेत, परवडत असेल तर तेच घ्या. ग्रँडस्टँडच घ्यायचं असेल तर शक्य तेवढी पुढची रांग, आणि त्याच सेक्शन, त्याच रांग, त्याच सीटवरून कोणीतरी काढलेला फोटो शोधल्याशिवाय पैसे भरू नका. राइट फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाच्या सीट स्वस्त दिसतात पण त्यांचं तोंड बॅटरकडे नाही, आउटफिल्डकडे (मैदानाच्या लांबच्या भागाकडे), सगळा वेळ मान डावीकडे वळवून बसावं लागतं. त्या घेऊच नका. ग्रँडस्टँडच्या लाकडी खुर्च्या अरुंद आहेत, उंच माणसाचे गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात. ब्लीचर्समधे (आउटफिल्डमागच्या उघड्या सीट) खांबाची कटकट नाही पण दुपारची मॅच असेल तर ऊन थेट डोक्यावर.

दुसरी लूट पार्किंगची. न्यू जर्सीहून गाडी घेऊन गेलो, स्टेडियमजवळ एकाने 60 डॉलर घेतले आणि मॅच सुटल्यावर गाडी बाहेर काढायलाच तासभर, कारण पुढे-मागे गाड्या ठासून लावलेल्या. शहरात गाडी नेऊच नका. हायवेला लागून रिव्हरसाइड स्टेशन आहे, तिथे गाडी लावा आणि ग्रीन लाइन या मेट्रोची डी गाडी पकडून स्टेडियमजवळच्या केनमोर स्टेशनला उतरा, मग गर्दीच्या मागे चालत सुटा. शहराकडून येत असाल तर ई गाडीत चुकूनही बसू नका, ती केनमोरला जात नाही.

बॅकपॅक आत घेऊ देत नाहीत, एकदा बाहेर पडलात की परत आत नाही. एप्रिल-मे मधे रात्री चांगलंच गारठतं, जॅकेट हवंच.

आता मॅच. भारत-पाकिस्तान बघणाऱ्याला हे वातावरण वेगळं सांगायला नको. यँकीजचा ॲरन जज बॅटिंगला आला की अख्खं स्टेडियम हुर्यो करतं. मागच्या रांगेतले एक आजोबा सांगत होते, 1919 च्या डिसेंबरात रेड सॉक्सनी त्यांचा स्टार बेब रूथ यँकीजना विकला आणि मग 2004 पर्यंत वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची फायनल) जिंकली नाही म्हणजे नाही, आणि त्याच 2004 ला यँकीजविरुद्धच्या सात मॅचच्या सिरीजमधे 0-3 ने मागे असताना सलग चार जिंकून पुढे गेलो. सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. लेफ्ट फील्डची ती 37 फुटी हिरवी भिंत, तिच्यावर बॉल आदळला की धप्प आवाज होतो आणि सगळे एका क्षणात उभे. तेवढ्यापुरता खांबसुद्धा विसरलो!

यँकीजची जर्सी घालून गेलात तर शेरेबाजी होणारच, आमच्यातल्या एकाने घातली होती, अंगावर मात्र कोणी आलं नाही, खुशाल घाला. 2023 पासून पिच क्लॉक (पिचरने ठरलेल्या सेकंदांत बॉल टाकायचाच, असं घड्याळ) आलंय, मॅच भराभर सरकते, त्यामुळे खायचं-प्यायचं पहिला पिच पडायच्या आत घेऊन बसा. आणि संपल्यावर लगेच केनमोरकडे धावू नका, जिन्यावर चेंगराचेंगरी असते, अर्धा तास आसपास फिरा, मग गाडीत बसायला जागा मिळते.