तुम्ही विचारलंत म्हणून : लायकेन दुर्मिळ होतेच कसे?

दगडफूल हे एक लायकेन, म्हणजे बुरशी आणि तिच्यासाठी अन्न तयार करणारा सोबती यांचा जोडजीव. त्याच्याशी गोडा मसाल्यापुरती ओळख असलेली मंडळी मला हमखास विचारतात, की जे दगडावर, भिंतीवर, झाडाच्या सालीवर कुठेही उगवते ते लायकेन दुर्मिळ होतेच कसे? उत्तरादाखल मी कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्याकडील एरिओडर्मा पेडिसेलाटम या प्रजातीकडे बोट दाखवतो.

प्रामुख्याने बाल्सम फर या सूचिपर्णी वृक्षाच्या खोडावर वाढणारे हे लायकेन बहुधा काही सेंटिमीटरच रुंद असते. कोरडे असताना ते राखट तपकिरी दिसते आणि भिजले की पाटीसारखे निळसर होते. भिंगातून पाहिल्यास त्याच्या अंगावरची बारीक लव, वर वळलेली पांढरी कड आणि बीजाणू तयार करणाऱ्या तांबूस चकत्या स्पष्ट दिसतात.

खरी मेख या बीजाणूंतच आहे. अनेक लायकेन बुरशी आणि तिचा अन्न तयार करणारा सोबती यांचे एकत्र कण सोडतात, त्यामुळे नव्या जागी अख्खा संसारच पोहोचतो. एरिओडर्माचा बीजाणू मात्र निव्वळ बुरशीचा असतो, आणि योग्य सायनोबॅक्टेरिया, म्हणजे अन्न तयार करणारे सोबती जीवाणू, त्याला नव्या खोडावर भेटावे लागतात. हे जीवाणू त्याच सालीवरील फ्रुलानिया या शेवाळासारख्या वनस्पतीच्या पाणी धरणाऱ्या इवल्या पिशव्यांत आढळतात, आणि कोवळे लायकेन बहुधा तिथेच आकार घेते, असे अभ्यासक मानतात.

इतक्या अटी सांभाळणाऱ्या जिवाला आम्लधर्मी पाऊस आणि धुके मानवत नाही, आणि शेजारची झाडे तोडून वारा आत शिरला की उरलेल्या खोडावरचे लायकेनही सुकते. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील कॅम्पोबेलो बेटावर 1902 मध्ये सापडलेले हे लायकेन तिथून नाहीसे झाले. 2003 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. पुढे अलास्कातही ते आढळले, ही दिलासा देणारी बाब असली तरी कॅनडाच्याच नोव्हा स्कॉशिया प्रांतातील जंगलांना तिचा काडीचाही उपयोग नाही.

म्हणूनच लायकेन असलेले तेवढे झाड राखून भोवतालचे जंगल तोडण्याला संवर्धन म्हणणे मला पटत नाही. यजमान वृक्ष आज ना उद्या पडणारच, तेव्हा बीजाणूंना जवळपास नवे खोड हवे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर हीच अडचण आहे: 1904 मध्ये बाहेरून आणून सोडलेल्या चार मूसची (मोठ्या आकाराच्या हरणांची) प्रजा तिथे बेसुमार वाढली, आणि ती फरची कोवळी रोपे खाऊन टाकते.