स्लायडिंग मायटर सॉ घेताना डोकं पूर्ण पुढे ओढून बघा

मायटर सॉ, म्हणजे लाकूड आडवं किंवा कोनात कापणारं गोल पात्याचं विजेचं यंत्र, घ्यायचा म्हटलं की चर्चा पात्याच्या व्यासापासून सुरू होते: ८ इंची, १० इंची की १२ इंची? मी दुसऱ्या टोकाकडून गेलो. आपण आडवी कापतो ती सर्वांत रुंद फळी किती आणि सर्वांत जाड लाकूड किती, हे दोनच आकडे आधी लिहून काढले. घरच्या कामात ते बहुतेकांचे सारखेच निघतील. पुस्तकांचं कपाट, ड्रॉवर, बाकडं, स्टूल यांत फळी एक फुटाच्या, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या आतच असते. जाडी १९ पासून ५० पर्यंत. दाराच्या चौकटीचं ५ बाय अडीच इंची सागवान हे घरी येणारं सर्वांत जाड लाकूड, आणि तेही आडवं ठेवलं की ६३ मिलिमीटर भरतं.

आता यंत्रांचे आकडे. २१६ मिलिमीटर, म्हणजे साडेआठ इंची पात्याचा स्लायडर, म्हणजे मोटर आणि पातं असलेलं डोकं नळ्यांवर पुढे-मागे सरकतं असा सॉ, साधारण ६० ते ७० मिलिमीटर खोल कापतो. २५५-२६० चा ९० च्या आसपास, ३०५ चा १०० च्या वर. रुंदीचा मात्र व्यासाशी फारसा संबंध नाही, ती नळ्या किती लांब आहेत त्यावर ठरते. बॉशचा जीसीएम ८ एसजेएल २१६ च्या पात्यावर ७० बाय ३१२ कापतो, तर त्याच पात्याच्या दुसऱ्या एखाद्या यंत्रात रुंदी २५० लाच संपते. शिवाय बैठक, म्हणजे लाकूड ठेवायचा फिरता पाट, ४५ अंशांत फिरवली की रुंदी ७० टक्क्यांवर येते. ३१२ चे २२० च्याही थोडे खालीच उरतात. पातं तिरकं झुकवलं की खोलीही तशीच घटते. माहितीपत्रकातला ठळक आकडा नेहमी ९० अंशांचा असतो, म्हणून त्याच पत्रकातला खालचा तक्ता बघायचा.

या हिशेबाने मला २१६ पुरेसा ठरला. लहान पातं कमी थरथरतं, यंत्र हलकं असतं, आणि ३०५ च्या यंत्राचा जास्तीचा खोल काप घरी वर्षातून एकदाही लागत नाही. तोटा एकच, पण खरा आहे: १० इंची, २५.४ मिलिमीटर भोकाची पाती गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडेही मिळतात, २१६ बाय ३० चं पातं मागवावं लागतं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने या एका कारणासाठी २५५ घेतला तर मी वाद घालणार नाही.

मुळात स्लायडर हवाच का, हेही विचारून घ्यावं. फक्त फोटोफ्रेम, पट्ट्या, पाय आणि चौकटी कापायच्या असतील तर न सरकणारा २५५ चा सॉ जास्त ताठ असतो, जागा कमी खातो आणि किंमत स्लायडरच्या निम्म्यात येते. मकिताचा एलएस १०४० हा त्या जातीचा. ६९ मिलिमीटर जाडीचं लाकूड तो १३० पर्यंत रुंद कापतो. प्लायचा ८ बाय ४ चा पत्रा हा दोघांच्याही कामाचा नाही. त्याला सर्क्युलर सॉ आणि सरळ पट्टीच लागते.

बाजारात नुसतं ‘कटर’ म्हणू नका. मुंबईची नागदेवी स्ट्रीट असो की पुण्याची बोहरी आळी, समोर १४ इंची कट-ऑफ मशीन येण्याची शक्यता दाट. ते लोखंड कापायचं. त्याला घासचकती लागते, आणि त्यावर लाकडाचं दातेरी पातं चढवणं हा हात गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

खरी परीक्षा दुकानात, प्लग काढलेल्या यंत्रावर होते. डोकं खाली दाबून पूर्ण मागे ढकला आणि मुठीवर बाजूने हलका दाब द्या. मग डोकं पूर्ण पुढे ओढून तसाच दाब द्या. दुसऱ्या वेळी पातं जास्त हलणार, लांब बाहूचा तो स्वभावच आहे. बघायचं ते दोन गोष्टींत. दाब सोडल्यावर पातं जिथे होतं तिथेच परत येतं का? आणि हलताना ‘टक’ असा आवाज किंवा झटका लागतो का? लवचिकपणा चालतो, कारण हात स्थिर ठेवून तो टाळता येतो. पण नळी आणि बेअरिंगमधली सैल जागा म्हणजे प्रत्येक काप वेगळ्या ठिकाणी. काही यंत्रांत नळीच्या बाजूला छोटे, बिनडोक्याचे ग्रब स्क्रू असतात, ते आवळून ही जागा कमी करता येते. दुकानदाराला ते कुठे आहेत ते दाखवायला सांगा. डोकं पुढे-मागे करताना मध्येच जड लागत असेल तर दोन नळ्या समांतर नाहीत. तो नग सोडून दुसरा उघडायला लावायचा, मग दुकानदार कितीही वैतागो.

मागची आधारपट्टी, जिला सगळे फेन्सच म्हणतात, तिच्यावर स्टीलची सरळ पट्टी धरून दोन्ही बाजू एका रेषेत आहेत का ते पाहावं. फेन्स ओतीव अ‍ॅल्युमिनियमची असते आणि डावा-उजवा भाग एकाच ओतकामाचा असला तरी किंचित वाकलेला असू शकतो. पट्टीमागे ०.१५ मिलिमीटरचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) सहज जात असेल तर नको. बैठकीच्या खाचा ०, १५, २२.५, ३० आणि ४५ ला हव्यातच. ३१.६ ची खाच दिसेल, ती अमेरिकेतल्या छताच्या लाकडी पट्ट्यांसाठी असते. आपल्याकडे छताची कड पीओपीची, त्यामुळे तिचे पैसे मोजायची गरज नाही. पातं दोन्हीकडे झुकणाऱ्या यंत्राचेही तेच. फळी उलटी करून एका बाजूच्या झुकावातही काम होतं.

लेझरवर भाळू नये. तो पात्याच्या एकाच कडेची रेषा दाखवतो, उन्हात दिसत नाही आणि जाडीला वेगळं पातं लावलं की चुकतो. डीवॉल्टच्या काही सॉवर वरून दिवा असतो आणि पात्याची सावली लाकडावर पडते. काप नेमका कुठून कुठपर्यंत जाणार ते ती सावली दाखवते आणि तिला जुळवणी लागत नाही. दोन्ही नसलं तरी काही अडत नाही. पातं बंद ठेवून दात रेषेवर टेकवून बघता येतं.

जागेचं गणित फ्लॅटच्या गॅलरीत चुकतं. नळ्या मागे सरकणाऱ्या यंत्राला फेन्सच्या मागे साधारण एक फूट मोकळी जागा लागते, आणि बैठक ४५ ला फिरवली की त्याच नळ्या तिरक्या मागे जाऊन बाजूच्या भिंतीला टेकतात. म्हणून दुकानातच टेप लावायचा: डोकं मागे असताना नळीचं टोक ते डोकं पुढे असताना मुठीचं टोक. काही यंत्रांत नळ्या स्थिर राहून डोकंच त्यांवर पुढे येतं. मकिताचा एलएस १०१९एल तसा आहे. बॉशच्या जीसीएम १२ जीडीएलला नळ्याच नाहीत, घडीचा बाहू आहे. ही दोन्ही भिंतीला चिकटून बसतात, पण महाग आणि वजनदार. बॉशचा तो १२ इंची सॉ ३२ किलोच्या घरात जातो, रोज उचलून कपाटात ठेवायचा विचार असेल तर विसरा.

विजेकडे फार कमी जण बघतात. १६०० वॅटची मोटर २३० व्होल्टवर ७ अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. ६ अँपिअरच्या प्लगवर ती चालवायची नाही, १६ अँपिअरचाच पॉइंट हवा. एक्स्टेन्शनची तार २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या. २० मीटर तारेत येण्या-जाण्याचे ४० मीटर धरले तर रोध ०.३ ओहम होतो आणि चालू असताना २ व्होल्टच पडतात. तीच तार १ चौरसची असली तर रोध ०.७ च्या वर. मोटर सुरू होताना ४० अँपिअर खेचले गेले तर २८-३० व्होल्ट तारेतच जातात, पातं अडखळत फिरू लागतं, तार गरम होते. सॉफ्ट स्टार्ट असलेलं, म्हणजे मोटर हळूहळू वेग घेते असं यंत्र मिळालं तर एमसीबी पडणं थांबतं. घरच्या इन्व्हर्टरवर अजिबात लावू नये.

अमेरिकेतले नातेवाईक येताना सॉ आणतो म्हणतात. तिथली यंत्रं १२० व्होल्टची. मोटर ब्रशची असते त्यामुळे ६० ऐवजी ५० हर्ट्झने बिघडत नाही, पण १५ अँपिअरच्या यंत्राला निदान २.५ ते ३ केव्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो स्वतःच २०-२५ किलोचा. शिवाय वॉरंटी इथे लागू होत नाही. इथे घेतानाही कार्बन ब्रश, पट्टा आणि स्विच आपल्या शहरात मिळतात का ते विचारून ठेवा, पहिल्यांदा जातात ते हेच.

यंत्रासोबत येणारं पातं बहुतेक २४ ते ४८ दातांचं असतं. चौकटीचं लाकूड तोडायला ठीक, पण सागवानाच्या आडव्या कापाला खालची कड फाटते. २१६ साठी ६० ते ६४ दात, २५५ साठी ८० दात. दातांच्या संख्येहून मोठी गोष्ट म्हणजे हुक अँगल, म्हणजे दात पुढे किती झुकलेला आहे. टेबल सॉच्या पात्याचा कोन १५-२० अंश धन असतो. तसलं पातं स्लायडरला लावलं तर ते लाकडात स्वतःला ओढत जातं, डोकं उसळतं. इथे शून्याच्या आसपास, उणे ५ ते अधिक ५ हवा. उणे कोनाचं पातं जोर जास्त मागतं, पण ऐकतं. सनमायका, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) आणि अ‍ॅल्युमिनियम सेक्शनसाठी एक आड एक सपाट दातांचं, टीसीजी लिहिलेलं पातं घ्यायचं. पात्यावर लिहिलेले कमाल फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असले पाहिजेत, आणि भोकात सैल रिंग घालून वेळ मारून नेऊ नये.

सागवानात सिलिका असते, धार लवकर जाते. डिंकासारखा थरही दातांमागे बसतो. पुष्कळदा पातं बोथट वाटतं ते या थरामुळे. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून पातं थोडा वेळ बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, लगेच पुसून कोरडं करा. एवढ्यानेच अनेकदा धार परत आल्यासारखी वाटते.

जुळवणीचा क्रम बदलायचा नाही. प्लग काढा. आधी पातं बैठकीला काटकोनात: गुण्या बैठकीवर उभा करून पात्याच्या पत्र्याला लावा, दातांना नाही, कारण दात पत्र्यापेक्षा बाहेर असतात. मग फेन्स पात्याशी काटकोनात. मग खरा काप घ्या. ३०० मिलिमीटर रुंद, दोन्ही कडा समांतर असलेली एमडीएफची फळी मधोमध कापायची, एक तुकडा उलटा करायचा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून जोडायचे. सांध्यात फट दिसली तर चूक तिच्या निम्मी. ०.१ अंशाची चूक ३०० मिलिमीटरवर अर्धा मिलिमीटर होते, फट एक मिलिमीटर दिसते, म्हणजे नुसत्या डोळ्यालाही कळते. फ्रेमच्या चार कोपऱ्यांत आठ काप असतात, प्रत्येकी ०.१ अंश चुकला तर तीन कोपरे घट्ट बसून चौथ्यात ०.८ अंशाची फट राहते. ६० मिलिमीटर रुंद पट्टीला ती सव्वा मिलिमीटरच्या जवळ जाते. पुट्टी भरून झाकता येईल, पॉलिश केल्यावर दिसेलच.

बाजूचे आधार बैठकीच्या पातळीतच हवेत. वर राहिले तर फळी पात्यापाशी उचलली जाते, आणि मग झुकावाचा स्क्रू कितीही फिरवला तरी कापाची धार उभी येत नाही. बैठकीत पातं ज्या फटीतून खाली जातं तिची प्लेट बदलून ६ मिलिमीटर एमडीएफची बसवली आणि तिच्यातूनच पहिला काप घेतला की खालची कड फाटणं बरंच थांबतं. फेन्सला १२ ची प्लायपट्टी लावली तर मागची कडही वाचते, मात्र कापाची रुंदी तेवढी घटते.

कापताना डोकं आधी रिकाम्या हवेत पुढे ओढायचं, मग सुरू करून पूर्ण वेग येऊ द्यायचा, खाली दाबायचं आणि मागे ढकलत कापायचं. स्वतःकडे ओढत कापलं तर पातं लाकडावर चढून अंगावर येतं. वाकडी फळी असेल तर तिची फुगीर बाजू फेन्सला लावायची, म्हणजे कापाच्या रेषेत मागे पोकळी राहत नाही. पोकळी राहिली की काप पूर्ण होता होता फळी मिटते आणि पातं चिमटीत धरते. हात पात्यापासून १५ सेंटिमीटर दूर. तेवढी जागा नसलेला तुकडा क्लॅम्पनेच धरावा, किंवा हातकरवतीने कापावा. काप झाल्यावर पातं खालीच ठेवून थांबू द्या, मग वर उचला. नाहीतर बारका तुकडा दातांत अडकून उडतो.

धुळीच्या बाबतीत सगळेच स्लायडर नापास आहेत. सोबतची पिशवी काढून व्हॅक्यूमची नळी लावली तरी बराच भुसा मागे उडतो, म्हणून मागे आणि दोन्ही बाजूंना जाड प्लास्टिकचा पडदा लावलेला बरा. एमडीएफ कापताना मास्क हवाच. आवाज ९५ डेसिबलच्या वर जातो, तेव्हा कानाला मफ लावा, आणि सोसायटीत दुपारी दोन ते चार यंत्र बंद ठेवा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात नळ्यांवर गंज धरतो. पातळ तेलाचा हात फिरवून कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यायचा. ग्रीस लावलं तर त्यात भुसा मिसळून घासणीची लुगदी होते आणि बेअरिंग तीच खात बसतं.