पृष्ठभागाखालच्या लाटांच्या मागावर: सेल्टिक समुद्रातील एक निरीक्षणमोहीम

ब्रिटिश बेटांच्या नैर्ऋत्येला सेल्टिक समुद्राचा भूखंडमंच, म्हणजे खंडाला लागून असलेला उथळ समुद्रतळ, साधारण २०० मीटर खोलीवर संपतो आणि तिथून खंडान्त उतार चार हजार मीटरच्याही खाली जातो. उन्हाळ्यात मंचावरचे पाणी दोन थरांत विभागलेले असते: वर ऊबदार व हलके, खाली थंड व जड, आणि मध्ये तापमान झपाट्याने बदलणारा पातळ पट्टा, म्हणजे थर्मोक्लाइन. भरती-ओहोटीचा प्रवाह हे थरांचे पाणी काठावरून वरखाली ढकलतो आणि त्यातून उठलेल्या 'अंतर्गत लाटा' थर्मोक्लाइनवरून मंचाच्या आतल्या बाजूस सरकत जातात. जुलैच्या अखेरीस एका संशोधन जहाजावरून त्यांची निरीक्षणे घेण्यासाठी आम्ही या काठावर गेलो होतो. पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे जे हाती लागले, ते येथे नोंदवीत आहे.

पहिली बाब तिथीची. मंचाच्या काठावरच्या लाटांचा जोर भरतीच्या जोरावर अवलंबून असतो, त्यामुळे उधाणाच्या भरतीचे दिवस गाठावेत. या भागात उधाण अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. भांगाच्या, म्हणजे दोन उधाणांमधल्या कमी जोराच्या, भरतीत मात्र तीच जागा निराश करू शकते. शिवाय लाटेला काठापासून तुमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. वरचा थर ४० मीटर, खालचा ११० मीटर आणि दोहोंच्या घनतेतला फरक घनमीटरमागे १ किलो धरला, तर लाटेचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर येतो. तेवढ्याच खोलीत पृष्ठभागावरची लांब लाट सेकंदाला जवळपास ३८ मीटर धावते. म्हणजे काठापासून ५० किलोमीटर आत थांबलेल्या जहाजाखालून जाणारी लाट आदल्या दिवशीच्या भरतीने निर्माण झालेली असते. चंद्राच्या भरतीचे आवर्तन १२ तास २५ मिनिटांचे असल्यामुळे लागोपाठच्या दोन लाटासमूहांत २३-२४ किलोमीटरचे अंतर पडते. हे गणित निघण्यापूर्वीच करून ठेवावे, कारण कोठे थांबायचे हे त्यावरूनच ठरते.

थांबण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे. जहाजाचा वेळ महाग असल्याने जास्तीत जास्त ठिकाणे उरकण्याकडे मोहिमेचा कल असतो, पण अंतर्गत लाटांच्या बाबतीत ती घाई नडते. आम्ही एका ठिकाणी सीटीडी (खोलीनुसार तापमान व क्षारता मोजणारा उपकरणसंच) सोडला तेव्हा थर्मोक्लाइन सुमारे ३० मीटरवर दिसली. वीसेक मिनिटांनी त्याच जागी पुन्हा सोडला तर ती ५० मीटरच्या खाली गेलेली होती. यांपैकी एकच नोंद हाती असती, तर तीच त्या जागेची 'खरी' रचना म्हणून नकाशावर गेली असती. किमान २५ तास, म्हणजे भरतीची दोन आवर्तने, एकाच जागी काढावीत. दहा ठिकाणच्या एकेका नोंदीपेक्षा तो वेळ अधिक कामी येतो, असे माझे मत आहे.

तेवढ्यानेही सीटीडीची मर्यादा संपत नाही. १५० मीटर खाली जाऊन वर यायला विंचला सेकंदाला एक मीटर या वेगाने पाच मिनिटे लागतात, आणि तीव्र थर्मोक्लाइनमध्ये पाण्याच्या नैसर्गिक आंदोलनाचा काळही तीन-चार मिनिटांचाच असू शकतो. म्हणून लहान लाटा टिपण्यासाठी नांगरून ठेवलेली तापमापकांची माळ हवी, नोंदी मिनिटाला एकीपेक्षा विरळ नसाव्यात, आणि माळेच्या वरच्या टोकाला दाबमापक असलाच पाहिजे. कारण जोरदार प्रवाहात माळ कलते, सगळे तापमापक खाली जातात आणि लाट नसतानाही लाट आल्यासारखी नोंद होते. सेल्टिक समुद्रात उन्हाळ्यातली घनता मुख्यतः तापमानाने ठरते, म्हणून केवळ तापमापकांवर भागते. नदीचे गोडे पाणी जिथे पसरते, तिथे क्षारताही मोजावी लागेल.

प्रवाह मोजणाऱ्या एडीसीपीबद्दल एक इशारा. त्याचे ध्वनिझोत उभ्या रेषेपासून २० अंश कललेले असले, तर १०० मीटर अंतरावर समोरासमोरच्या दोन झोतांत सुमारे ७३ मीटरचे अंतर पडते. लाट आखूड असेल, तर एक झोत तिच्या उतरत्या बाजूवर आणि दुसरा चढत्या बाजूवर असू शकतो, आणि मग दोहोंची सांगड घालून काढलेला वेग फसवा ठरतो. एकोसाउंडरच्या (पाण्यातून येणारे प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर मात्र थर्मोक्लाइनपाशी गोळा झालेल्या प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, थर लाटेबरोबर खालीवर होताना प्रत्यक्ष दिसतो. काय चालले आहे हे तत्काळ कळण्यासाठी याहून सोयीचे साधन जहाजावर नाही.

नुसत्या डोळ्यांनीही पुष्कळ दिसते, मात्र वारा मंद हवा. थर्मोक्लाइन तळापेक्षा पृष्ठभागाला जवळ असेल, तर लाट खड्ड्याच्या रूपात पुढे सरकते. तिच्या पुढच्या बाजूला पृष्ठभागावरचे प्रवाह एकत्र येऊन खडबडीत पट्टा तयार होतो आणि मागे पाणी गुळगुळीत दिसते. सूर्य खाली असताना ब्रिजवरून, म्हणजे जहाजाच्या सुकाणूकक्षातून, ध्रुवीकरण करणारा चष्मा लावून पाहावे. ब्रिजवर दुसरा रडार मोकळा असेल, तर कप्तानाच्या परवानगीने त्यावरची सी-क्लटर (समुद्राच्या पृष्ठभागावरून परतणारे संकेत) दाबणारी गाळणी कमी करून घ्यावी. हे पट्टे पडद्यावर समांतर रेषांसारखे उमटतात आणि लाटेची दिशा हाती येते. उपग्रहांच्या रडारलाही हेच पट्टे दिसतात: १९७८ मध्ये सीसॅटने ते टिपले होते आणि आज सेन्टिनेल-१ ची चित्रे विनामूल्य मिळतात. त्याच ऋतूतली, उधाणाच्या दिवसांची जुनी चित्रे आधी चाळावीत. वारा अगदी पडलेला किंवा फार जोराचा असतानाची चित्रे बाजूला ठेवावीत, कारण दोन्हींत पट्टे हरवतात.

चालत्या जहाजातून नोंदी घेणे भाग असेल, तर जहाजाची दिशा व वेग काटेकोर लिहून ठेवावेत. ५०० मीटर रुंदीची लाट थांबलेल्या जहाजाखालून साधारण १६ मिनिटांत जाते. तिच्या सामोरे ४ नॉटने गेल्यास ती सव्वातीन मिनिटांतच संपते. सर्व उपकरणांची घड्याळे पाण्यात सोडण्यापूर्वी आणि बाहेर काढल्यावर एकाच प्रमाणवेळेशी ताडून पाहावीत.

शेवटी सुरक्षिततेचे. या लाटांमुळे होणाऱ्या मिश्रणाने खालची पोषक द्रव्ये वर येतात, काठालगत उपग्रहचित्रांत थंड पाण्याचा पट्टा दिसतो, तिथे वनस्पतिप्लवक वाढतात आणि त्यांच्यामागे मासे व मच्छीमार नौकाही येतात. त्यामुळे निरीक्षणाला जी जागा उत्तम, तीच तळ खरवडणाऱ्या जाळ्यांमुळे उपकरणांना सर्वांत धोक्याची असते. तळावर ठेवायचा एडीसीपी जाळे वरून घसरून जाईल अशा उतरत्या बाजूंच्या चौकटीत बसवावा, माळेच्या जागा नाविकांसाठीच्या सूचनांत आधी जाहीर कराव्यात, आणि शक्य असेल तर माळ पाण्यात असेपर्यंत जहाजाने तिच्या आसपासच राहावे.